फळीआड

सुतारकाकांनी पहारीचं टोक फळीखाली सरकवलं, एकदा दाब दिला आणि हात तसाच थांबवला. "बाय, मागं हो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही की गडबड केली नाही. पहार फळीतच अडकवून ते पायाने पायरी चाचपत शिडीवरून उतरले. फळीचं एक टोक हातभर सुटून आलं होतं आणि त्या फटीतून एकेक करत तांबूस, सडपातळ माश्या बाहेर येत होत्या. त्या आमच्या अंगावर आल्या नाहीत. फळीच्या कडेवर ओळीने बसल्या, पंख थोडे उचलून, तोंड आमच्याकडे करून. दारात कोणी उभं राहावं आणि काही बोलू नये, तशा.

एप्रिल संपत आला होता. देवरुखजवळच्या आमच्या घराची कौलं दरसाल मिरगाच्या आत शाकारून घेतात, पण या वर्षी काम मोठं होतं. पडवीचे चार वासे वाळवीने पोकळ केले होते, रिपा बदलायच्या होत्या आणि दक्षिणेच्या खिडकीवरचा झरोका मोकळा करायचा होता. पावसाची झड आत येते म्हणून आजोबांनी तो बाहेरून फळी मारून बंद केला, तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून त्या कोपऱ्यात दिवसाही अंधार असतो. घरात आता आत्या एकटी असते. तिची नजर अधू झाली आहे, तिला उजेड हवा, एवढंच ती फळी काढायचं कारण. मी पुण्याहून पंधरा दिवसांची सोय करून आले होते, सोबत एका पुस्तकाची मुद्रितं घेऊन. दुपारी ओटीवर बसून मी मुद्रितं तपासायची आणि मधूनच एक बारीक कुरकुर ऐकू यायची. सुकलेलं पान कोणी नखाने खरवडावं तशी. मी उठून वाशांना कान लावायची. वाळवीच असणार, असं धरून काकांना सांगितलंही होतं की ओटीकडचे वासेही एकदा ठोकून बघा.

"गांधील आहे," काका खाली येऊन म्हणाले. "संध्याकाळी चूड लावतो. सकाळपर्यंत मोकळं."

त्यांचं काही चुकत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आत्याला परसात कोकमं वेचताना गांधील चावली होती, मानेला, एकच. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळत गेला. शेजारच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून ती आहे. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचा डंख याहून वाईट ठरू शकतो. मधमाशीची नांगी काटेरी असते, ती कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. हे सगळं काकांना ठाऊक होतं, आत्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "दोन दिवस थांबूया."

का थांबायचं, ते तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजोबांनी परसातल्या फणसावरचं पोळं जाळलं होतं. सुक्या झावळीची चूड, रॉकेलचा वास, रात्रीचा उजेड. आम्ही मुलं अंगणात उभी राहून टाळ्या वाजवत होतो. सकाळी मी झाडाखाली गेले तर मातीत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या पडल्या होत्या, आणि त्यांतल्या काही हलत होत्या. मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या. कशाचं पोळं होतं ते, हे मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "चावणारी माशी होती." त्याच्या पलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. आजवर मला तेच लागून राहिलं आहे. जाळलं याचं तेवढं नाही, कोण होतं हे न बघता जाळलं याचं.

आपल्याकडे नावं नाहीत असं मुळीच नाही. मोठ्या कड्यावर, उंच झाडावर एकच भलं थोरलं उघडं पोळं लावणारी ती आग्या. अंधाऱ्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकाला लागून एक पोळी लावणारी ती सातेरी. तिलाच पेटीत पाळतात. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावणारी ती फुलोरी. भिंतीवर मातीची बोळकी थापणारी ती कुंभारीण. एवढी नेमकी नावं ज्या भाषेत आहेत, तिथे बाकी राहिलेल्या सगळ्या मात्र "गांधील". बोटभर लांब काळी असो की नखाएवढी तांबूस, एकच नाव. चावल्यावर अंगावर ज्या गांधी उठतात, त्यांचाच आवाज मला त्या नावात ऐकू येतो. म्हणजे ती माशी कशी आहे हे त्या नावात नाहीच, ती आपल्याला काय करते एवढंच आहे.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या घरातला मुलगा पातेलं घेऊनच आला. त्याच्या मते फळीआड सातेरी होती आणि चार शेर मध नक्की होता. त्याचाही तर्क अगदीच वावगा नव्हता, बंद जागा सातेरीला आवडते. आत्या दाराआडून म्हणाली, "सातेरी असती तर मला कधीच कळलं असतं. वास येतो मधाचा." मग जरा थांबून, "आणि ही ती नव्हे, मला चावली ती. ती मोठी होती."

पुण्यात माझी एक मैत्रीण कीटकशास्त्र शिकवते. तिला मी फोन लावला आणि घाईघाईने म्हटलं, "गांधील आहेत, काय करू?" ती म्हणाली, "आधी बघ, मग सांग." पोळं मेणाचं की कागदाचं? एकच थर की अनेक? वरून आवरण आहे की घरटी उघडी? भिंतीला कसं चिकटलं आहे, सगळ्या अंगाने की देठाने? माशी बसते तेव्हा पंख पसरते की मिटते, आणि मिटले तर कसे? मला यातल्या एकाचंही उत्तर देता येईना. पहिल्यांदा घाबरून दोन मिनिटं आणि नंतर धीर करून दहा मिनिटं मी तिकडे पाहिलं होतं. एवढ्यात मला दिसली ती फक्त भीती.

मग मी बसले. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, चार-पाच मीटरवर, खुर्ची टाकून. वडिलांची जुनी दुर्बीण कपाटात होती. ती काढताना कपाटामागच्या भिंतीवर मातीची पाच-सहा नळकांडी एकमेकींना चिकटलेली दिसली, कोरडी आणि भोकं पडलेली. फक्त एकाचं तोंड अजून बंद होतं. कुंभारीण. कपाट त्याच दिवशी हलवायचं होतं, ते हलवताना ते नळकांडं फुटलं आणि आतून पंधराएक छोटे कोळी जमिनीवर सांडले. हिरवट, करडे, एक तर पिवळाधमक. मेलेले वाटत होते, पण एकाचेही रंग उडालेले नव्हते, आणि भिंग धरलं तर एकाच्या पायाचं टोक हळूच थरथरत होतं.

लहानपणी देवळातल्या कीर्तनात ऐकलेला कीटभृंगन्याय मला तिथे उकिडवं बसल्या बसल्या आठवला. भिंगुरटी अळी आणते, मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते. आणि अळी भीतीने, ध्यासाने तिचंच चिंतन करत करत शेवटी भिंगुरटी होऊन बाहेर पडते. भक्ताने देवाचं असंच चिंतन करावं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी हे पाहिलं होतं आणि पाहिलेलं खरंच होतं. अळी आत जाताना दिसते, माती लिंपताना गुणगुण ऐकू येते, काही दिवसांनी त्याच घरातून माशी निघते. मध्ये काय होतं तेवढं दिसत नव्हतं. माशी आपल्या भक्ष्याला नांगीने लुळं करते, मारत नाही, म्हणजे ते सडत नाही. त्याच्यावर अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते. अंड्यातून निघालेली तिची अळी ते ताजं अन्न खात वाढते. काही जाती सुरवंट आणतात, माझ्या समोर फुटलेलं नळकांडं बांधणारीने कोळी आणले होते. मला ती गोष्ट अजूनही प्रिय आहे, कीर्तनकाराचा तो आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो. पण फुटलेल्या मातीत थरथरणारा तो एक पाय पाहिल्यावर मला फळीआडच्यांबद्दल काहीच गृहीत धरवेना.

दुपारपर्यंत दुर्बिणीतून उत्तरं मिळत गेली. पोळं कागदाचं, राखाडी, तळहाताहून जरा मोठं. एकच थर, वर आवरण नाही, षट्कोनी घरट्यांची तोंडं उघडी. अख्खं पोळं एका काळ्या, चकचकीत, काडीएवढ्या देठावर तोललेलं. माश्या तीस-चाळीस. कंबर दोऱ्यासारखी, अंग विटकरी तांबूस, पोटाच्या खालच्या भागावर एक पिवळं कडं. बसल्यावर पंख लांबीच्या दिशेने घडी घालून मिटलेले, पाठीवर दोन काड्या ठेवाव्यात तसे. मी फोटो पाठवले. मैत्रिणीचा फोन लगेच आला, आणि तिच्या आवाजात आनंद होता. "अगं, रोपालिडिया मार्जिनाटा! गदगकरांची माशी!"

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चाळीसहून अधिक वर्षं या एका माशीचा अभ्यास केला आहे. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावून, कोण बाहेर जाते, कोण अन्न आणते, कोण कोणाला ढुसण्या देते, हे तासन्‌तास टिपून. त्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक 2001 साली निघालं. मैत्रीण त्या संध्याकाळी तासभर बोलत होती. या माश्यांची राणी दिसायला इतरांसारखीच असते, आकाराने मोठी नाही की रंगाने वेगळी नाही. ती कोणाला दमदाटी करत नाही. पोळ्यावरच्या सगळ्यात शांत माश्यांपैकी ती एक असते. पण तिला काढून घेतलं तर थोड्याच वेळात एक कामकरीण एकदम आक्रमक होते, आणि बाकीच्या तिला विरोध करत नाहीत. आठवड्याभरात ती अंडी घालू लागते आणि तीही शांत होते. ती कोण असणार हे माणसाला आधी ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ते आधीच ठाऊक असतं, असं गदगकरांच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

हे ऐकताना माझी नजर आत्याकडे होती. ती चुलीपाशी बसून आमसुलं निवडत होती. आजी गेली त्या वर्षी घर कोण सांभाळणार यावर मुंबईत आणि पुण्यात भावाभावांच्या बैठकी झाल्या होत्या. आत्याला कोणी विचारलं नाही. बैठकी होईपर्यंत तिने गोठा सावरला होता, गड्यांचे पैसे चुकते केले होते आणि कौलं शाकारून घेतली होती.

पुढच्या दिवशी मी मुद्रितं बाजूला ठेवली. एक माशी उडून येई, पाय खाली लोंबकळते ठेवून, जबड्यात हिरवट गोळा. सुरवंटाचा असणार, आत्याच्या वेलीवरच्या पडवळाला या वर्षी अळी का नव्हती ते मला तेव्हा कळलं. दुसरी तो गोळा वाटून घेई आणि मग दोघी घरट्याघरट्यात डोकं घालून अळ्यांना भरवत. ऊन चढलं की चार-पाच जणी पोळ्यावर उभ्या राहून पंखांनी वारा घालत. एक माशी अधूनमधून देठापाशी जाऊन पोटाचं टोक त्यावर घासून येई. मैत्रिणीने सांगितलं, मुंग्यांना नको वाटेल असा द्राव ती तिथे लावते. पोळ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट तेवढी एकच, म्हणून पहाराही तेवढाच.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "चांगल्या असतील गं. पण मी इथून रात्रीची उठून मोरीकडे जाते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायला नकोही होतं. एका माणसाचा श्वास बंद पडण्याची शक्यता आणि तीस माश्यांचं घर, यांत तराजू धरायचा नसतो. ठरलं ते असं: तिसऱ्या रात्री, सगळ्या परतल्यावर, काकांनी आणि मी अंगभर कपडे घालून, बॅटरीला लाल कागद लावून देठ कापायचा आणि पोळं डब्यात धरून बागेच्या टोकाच्या पडक्या खोपीत नेऊन टांगायचं. लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. काकांना हे पटलं नव्हतं, पण चूड त्यांनी गोठ्यात परत ठेवली.

ती रात्र यायच्या आधीच दुपार आली. साडेबारा-एकचा सुमार असेल. एक जड घरघर ऐकू आली आणि फळीच्या उघड्या टोकाशी एक माशी उतरली, तांबूस माशीच्या दुप्पट, काळीभोर, पोटावर एकच रुंद नारिंगी-पिवळा पट्टा. मागून आत्याचा आवाज आला, इतका बारीक की मी दचकले. "ही. हीच ती."

आत्याला मी आत नेलं, दार लावलं, आणि दोघी खिडकीच्या काचेतून पाहत राहिलो. मला वाटलं होतं लढाई होईल. तीस-चाळीस नांग्या एका बाजूला, समोर एकटी. पण तांबूस माश्यांनी झुंज दिलीच नाही. त्या पोळं सोडून आधी वाशावर गेल्या, मग चौकटीवर, आणि तिथे दाटीवाटीने बसून राहिल्या. मोठी माशी पोळ्यावर चढली, घरट्यात तोंड घालून एक अळी ओढून काढली, चावून गोळा केला आणि उडून गेली. परत आली. पुन्हा गेली. रेशमी झाकणाची घरटीही तिने फोडली. संध्याकाळपर्यंत असं चाललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही. चौकटीवरच्या माश्या बघत होत्या की नाही मला माहीत नाही. मी बघत होते.

रात्री मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वेस्पा ट्रॉपिका. यांची हाडवैरी." रोपालिडिया अरुंद तोंडाच्या बंदिस्त जागा पसंत करते, कारण तिथे ही मोठी गांधील शिरू शकत नाही. बंगळुरूला अभ्यासासाठी गदगकरांनी माश्यांची एक खोलीच बांधली आहे, जाळीची. जाळीची भोकं अशी मापून घेतलेली की लहान माशी मोकळेपणी आत-बाहेर करेल आणि मोठी अडेल. "तुमच्याकडे ती जाळी म्हणजे आजोबांची फळी होती," ती म्हणाली. तिचा सूर दोष देण्याचा नव्हता. पण फळी मी उघडली होती. जाळायचं नाही म्हणून मी थांबले, आणि थांबताना ती हातभर फट तशीच उघडी ठेवली. वर एखादं गोणपाट लावून ठेवायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी दोन दिवस तिच्यासमोर बसून त्या माश्यांबद्दल जेवढं जाणून घेता येईल तेवढं घेत होते, आणि त्या फटीने काय उघडं पडलं आहे ते मला दिसलं नाही.

चौथ्या दिवशी पोळं रिकामं होतं, चौकटही रिकामी. काकांनी शिडी लावली, देठ नखाने तोडला आणि पोळं माझ्या हातात दिलं. वजन असं काही नव्हतंच. हातात घेतल्यावर पहिल्यांदा मला त्यातले पट्टे दिसले. घरट्यांच्या भिंती एकरंगी नव्हत्या. एक करडी रेघ, तिच्यावर एक चंदेरी, मग एक बारीक तपकिरी, मग पुन्हा करडी. माशी प्रत्येक खेपेला लाकडाचा जेवढा लगदा आणते तेवढीच एक रेघ ओढते, आणि लाकूड बदललं की रंग बदलतो. 1719 साली फ्रान्समध्ये रेओमूर नावाच्या निसर्गअभ्यासकाने हेच पाहून मांडलं होतं की, या माश्या लाकडापासून कागद करतात, तर माणसालाही तो करता यावा. तेव्हा तिकडे कागद चिंध्यांचा होत असे. माझं सगळं आयुष्य लाकडाच्या कागदावर खुणा करण्यात गेलं, आणि तो कागद इतक्या लहान तोंडात आधीच होत होता हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

लाकूड कुठलं, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. पडवीच्या कठड्याचे ऐनाचे गज वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने करडे पडले आहेत. वाकून पाहिलं तर त्यांच्यावर फिकट, उभे, तांदळाएवढ्या लांबीचे ओरखडे होते. शेकडो. प्रत्येक गजावर. पणजोबांनी बसवलेला कठडा, ज्याला धरून मी चालायला शिकले, आजी ज्याला टेकून संध्याकाळी बसायची, तो त्यांनी कण कण करून फळीआड नेला होता. ओटीवर मला ऐकू येणारी ती कुरकुर वाळवीची नव्हती.

झरोका मोकळा झाला. माजघरात उजेड आला, आत्याला आता दुपारी दिवा लावावा लागत नाही. तिने पोळं देवघराच्या कोनाड्यात ठेवायला सांगितलं. का, ते मी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी काका कठड्याला तेल लावत होते. चांगलं मुरवून, दोन हात. त्याने लाकूड अजून तीस वर्षं टिकेल म्हणाले. मी शेवटची मुद्रितं घेऊन ओटीवर बसले होते. मोरीकडच्या टोकाचे गज अजून कोरडे होते आणि तिथून ती कुरकुर आली. एकच माशी होती, तांबूस, पोटावर पिवळं कडं. गजावर उलटी चालत, जबड्याने धागा सोलत मागे सरकत होती. मग गोळा घेऊन उडाली. मी नजर लावून होते. मोरीकडे नाही, खिडकीकडेही नाही, ती सरळ बागेपलीकडे खोपीच्या दिशेने गेली.

काका तेलाची वाटी घेऊन त्या टोकाशी पोचले. "एवढाच गज राहिला, बाय," ते म्हणाले. "लावून टाकतो."

"राहू दे," मी म्हटलं.

त्यांनी गजावरून अंगठा फिरवला, ओरखड्यांवरून. मग खोपीकडे एकदा पाहिलं, फडक्याला हात पुसले आणि वाटीवर झाकण ठेवलं.